हॉथॉर्न आणि ब्रॅम्बलची हेज सांभाळायची कशी: इंग्लंडात नव्याने घर घेतलेल्यांसाठी

इंग्लंडात जरा गावाबाहेर घर घेतलं की बागेच्या मागे एक काटेरी गचपण हमखास सोबत येतं. उन्हाळ्यात हिरवी भिंत, हिवाळ्यात नुसते काटे, आणि सप्टेंबरात त्यातच काळीभोर ब्लॅकबेरी लगडलेली. आपल्या लोकांच्या मनात पहिलं येतं ते म्हणजे हे साफ करून टाकू या. माझ्याही तेच मनात आलं होतं. लेस्टरशायरमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मागे साधारण साठ मीटर हेज, म्हणजे झाडाझुडपांचं जिवंत कुंपण, होती, आणि पहिल्याच ऑगस्टात मी आणि नवऱ्याने ट्रिमर भाड्याने आणून ती एका शनिवारी कमरेइतकी सपाट करून टाकली. दिसायला एकदम टापटीप झाली. पण त्या हिवाळ्यात हेजवर एक लाल फळ नाही, फळ नाही म्हणून पक्षी नाही, आणि पुढच्या मे महिन्यात शेजारची हेज पांढरीशुभ्र झालेली असताना आमच्याकडे फुलांचे दोन-चार झुबके, बाकी सगळा पाला. फार वाईट वाटलं ते बघून. मग गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हाताला धरून हे काम शिकवलं, आणि त्यांनी शिकवलेलं नि मग स्वतः करून कळलेलं असं सगळं इथे लिहितेय.

माझं माहेर देवरुखकडचं. आमच्याकडे वई (काट्याझुडपांचं कुंपण) म्हणजे काय, गडगा (दगडी बांध) म्हणजे काय हे पोरांना सांगावं लागत नाही, आणि करवंदीच्या जाळीत हात घालून ओरखडे घेतल्याशिवाय मे महिना सरत नाही. ब्रॅम्बल म्हणजे इथली करवंदीची जाळीच समजा. नातं काही नाही दोघांचं, ब्रॅम्बल गुलाबाच्या कुळातलं, पण काम तेच: काट्यांच्या आत लहान जीव सुरक्षित आणि वर फळं.

पहिलं काम: काय काय आहे ते ओळखा

हॉथॉर्न ओळखायला सोपं. पान लहान, कडा खोलवर कापलेल्या, साधारण कोथिंबिरीचं पान जाड आणि कडक झालं तर दिसेल तसं. मे महिन्यात पांढरी फुलं, म्हणून इथले लोक झाडालाच ‘मे’ म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात बारीक गडद लाल फळं, त्यांना ‘हॉ’ म्हणतात. फुलांचा वास जवळ जाऊन घ्या एकदा, लांबून गोडसर वाटतो पण नाक लावलं की त्यात मासळीसारखा एक उग्र दर्प येतो. त्यात ट्रायमिथिलअमाइन असतं, आणि त्या वासाला माश्या येतात नि परागीभवन होतं. ही फुलं घरात आणू नयेत, अपशकुन होतो, अशी इथली जुनी समजूत आहे.

त्यात मिसळून बहुतेक ठिकाणी ब्लॅकथॉर्न असतं. ते मार्च-एप्रिलमध्येच फुलतं आणि पानं यायच्या आधी फुलतं, म्हणजे काळ्या काटक्यांवर थेट पांढरी फुलं. हॉथॉर्नला आधी पानं, मग फुलं. एवढं लक्षात ठेवलं तरी दोघांची गफलत होत नाही. ब्लॅकथॉर्नचा काटा मात्र वाईट, त्याबद्दल खाली सांगते.

ब्रॅम्बल म्हणजे ब्लॅकबेरीची झुडपं. आपण एकच नाव घेतो पण ब्रिटनमध्ये याच्या तीनशेपेक्षा जास्त सूक्ष्म जाती मोजल्यात, त्यामुळे एका वळणावरची बेरी आंबट आणि पुढच्या वळणावरची साखरेसारखी असं होतं. एक जाडजूड फळांची जात आहे तिला ‘हिमालयन’ ब्लॅकबेरी म्हणतात, पण ती मूळची आर्मेनियाकडची, हिमालयाशी तिचा संबंध नाही. ती आडदांड वाढते, तिच्यावर जरा नजर ठेवा.

याशिवाय हेझल, फील्ड मेपल, डॉगरोझ, एल्डर असं काहीबाही निघेल. जितकी जास्त झाडं तितकी हेज जुनी असण्याची शक्यता. मॅक्स हूपर नावाच्या शास्त्रज्ञाचा ढोबळ नियम आहे की तीस यार्डांत जितक्या जातींची झाडं-झुडपं, तितकी शतकं हेजचं वय. तंतोतंत खरा नाही, लावतानाच मिश्र लावलेली हेज असेल तर फसतो, पण मोजायला मजा येते, मुलांना सोबत घ्या. आमच्या इकडे मिडलँड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, बऱ्याच हेज साधारण १७५० ते १८५० या काळातल्या, जेव्हा पार्लमेंटच्या कायद्यांनी गावाची मोकळी सामायिक शेतं तोडून चौकोनी खाजगी शेतं केली. तेव्हा लवकर वाढणारं, स्वस्त आणि गुरांना अडवणारं म्हणून मैलोन्‌मैल हॉथॉर्न लावलं गेलं. म्हणजे हेज दिसायला सुंदर असली तरी त्या वेळी गावातल्या गरिबांची चराई तिनेच बंद केली. आणि हीच कुंपणाची कल्पना ब्रिटिशांनी आपल्याकडेही राबवली, मीठ चोरून नेऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात उत्तर आणि मध्य भारतातून शेकडो मैल काटेरी कुंपण वाढवलं, त्यात बोर, बाभूळ, निवडुंग आणि आपली करवंदसुद्धा होती. १८७९ मध्ये ते सोडून दिलं.

एक वर्ष हात लावू नका

नवीन घर असेल तर हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. रस्त्यावर फांदी येतेय, गेट उघडत नाहीये, तेवढं कापा आणि बाकी वर्षभर बघत राहा. मी एक साधी वही ठेवते. मार्चमध्ये कुठे फुललं, मे महिन्यात कुठे फुललं, पक्षी चोचीत काडी घेऊन कुठे शिरतो, जूनमध्ये कुठल्या जागी मधमाश्यांचा आवाज आहे, फळं कुठे धरली.

असं बघितलं की गोष्टी आपोआप कळतात. ब्रॅम्बल मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत फुलत राहतं, म्हणजे इतकी लांब मुदत दुसरं झुडूप क्वचित देतं, त्यामुळे मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं सगळ्यांचं दुकान उघडंच. व्हाइटथ्रोट नावाचा छोटा पक्षी आफ्रिकेतून इथवर उडत येतो आणि ब्रॅम्बलच्या जाळीत जमिनीपासून गुडघाभर उंचीवर घरटं बांधतो. थंडीत बाकी सगळं उघडंबोडकं झालं तरी ब्रॅम्बलची बरीचशी पानं टिकतात, त्याच्या बुडाशी हेजहॉग, म्हणजे काटेरी अंगाचा छोटा प्राणी, पालापाचोळ्यात मुटकुळं करून झोपतो. आणि नोव्हेंबरात फील्डफेअर आणि रेडविंग हे पाहुणे पक्षी स्कँडिनेव्हियातून थव्याने येतात ते हॉथॉर्नच्या लाल फळांवर. तुम्ही सप्टेंबरात हेज कापली तर त्यांच्या ताटातलंच काढून घेतलं असं होतं.

कायद्याचं थोडक्यात

घरटं वापरात असेल तर ते मोडणं हा १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, मग हेज तुमच्या बागेतली असो की शेतातली. इंग्लंडात शेतजमिनीवरच्या हेजसाठी २०२४ पासून वेगळे नियम आलेत, त्यात १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटणी बंद, काही अपवाद सोडून. घरच्या बागेला ती तारीख थेट लागू नाही, पण मी तीच पाळते, सोपं पडतं. आणि शेताकडेची हेज मुळासकट काढायची असेल तर १९९७ च्या हेजरो नियमांप्रमाणे आधी कौन्सिलला कळवावं लागतं, त्यांना उत्तर द्यायला ४२ दिवस असतात. बागेची हद्द असलेली हेज त्यात येत नाही. हद्द नक्की कोणाची हे घराच्या कागदांवर बघून आणि शेजाऱ्याशी बोलून घ्या, कापल्यावर बोलायला जाऊ नका.

दक्षिण इंग्लंडात राहत असाल तर आणखी एक. हेजखाली हेझलचे रिकामे कवच सापडले आणि त्याला गुळगुळीत कडेचं गोल भोक असेल तर ते डॉरमाउसचं, म्हणजे उंदरासारख्या एका छोट्या प्राण्याचं, काम असू शकतं. तो संरक्षित प्राणी आहे, तिथे काम थांबवून आधी माहितगार माणसाला दाखवा.

हत्यारं आणि अंगावरचे कपडे

सिकेटर, लांब दांड्याचा लॉपर, एक घडीची करवत आणि मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड चामड्याचे हातमोजे, एवढ्यावर बागेतलं ऐंशी टक्के काम होतं. चष्मा घालाच. ब्रॅम्बलची लांब काठी ताणलेली असते, कापली की सपकन उलटून तोंडावर येते.

ब्लॅकथॉर्नचा काटा बोटात मोडला आणि आत राहिला तर सांधा सुजून आठवडेच्या आठवडे दुखतो, त्यामुळे ‘होईल बरं’ म्हणून बसू नका, सूज आली की डॉक्टर. धनुर्वाताची लस झालीय ना तेही बघून घ्या.

हेज लेइंगला, म्हणजे खोडं अर्धवट कापून हेज आडवी करायच्या कामाला (खाली सांगितलंय), लागतं बिलहुक, म्हणजे आपली कोयतीच, पुढे चोच वळलेली. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला आजोबांची कमरेला आकडीत अडकवलेली कोयतीच आठवली.

छाटणी: साठ मीटरचे तीन तुकडे

आता मुख्य गोष्ट, आणि यात मी चुकले होते. हॉथॉर्नला फुलं येतात ती गेल्या वर्षीच्या किंवा त्याहून जुन्या लाकडावर. यंदा फुटलेल्या कोवळ्या डहाळीवर यंदा फूल येत नाही. मग दरवर्षी सगळी हेज एकाच रेषेवर कापली की फूल धरणारं लाकूड दरवर्षी जातं, म्हणून हेज हिरवी राहते पण वांझ राहते. शिवाय त्याच त्याच जागी कापून वर गाठी तयार होतात, बूड उघडं पडतं, आणि काही वर्षांनी खालून कोंबडी आरपार जाईल अशी फट दिसायला लागते.

उपाय अगदी साधा. हेजचे तीन भाग करा आणि दर हिवाळ्यात एकच भाग कापा. म्हणजे प्रत्येक भागाला तीन वर्षांतून एकदा कात्री लागते, आणि कुठल्याही वर्षी दोन भाग फुलाफळाला मोकळे. कापायची वेळ जानेवारी-फेब्रुवारी, पक्ष्यांनी फळं खाऊन झाल्यावर. कापताना जुन्या रेषेच्या दोन-चार इंच बाहेर कापा, म्हणजे हेज हळूहळू जाड नि उंच होत जाते. आकार खाली रुंद, वर निमुळता ठेवा, म्हणजे बुडाला ऊन मिळतं. आणि अधूनमधून एखादं सरळसोट वाढलेलं रोप, ओक असो की मेपल, त्याला रंगीत फडक्याची चिंधी बांधून ठेवा आणि कापू नका, ते उद्याचं मोठं झाड.

ब्लॅकथॉर्न असेल तर कापण्याआधी पाच मिनिटं डहाळ्या बघा. दक्षिणेकडे आणि वूस्टरशायरच्या भागात ब्राउन हेअरस्ट्रीक नावाचं फुलपाखरू कोवळ्या डहाळीच्या बेचक्यात अंडं घालतं, टाचणीच्या डोक्याएवढं, पांढरंशुभ्र, काळ्या सालीवर मिठाचा कण चिकटल्यासारखं दिसतं. ते अख्खा हिवाळा तिथेच असतं. सगळी हेज दरवर्षी कापली तर ती अंडी सगळीच जातात, तीन तुकड्यांत कापली तर निदान दोन भागांतली वाचतात.

मध्येच एखादी फांदी आगीने होरपळल्यासारखी तपकिरी होऊन पानं लोंबत राहिली तर तो फायर ब्लाइट नावाचा जिवाणूंचा रोग असू शकतो, रोगट भागाच्या बरंच खाली कापा आणि प्रत्येक कापानंतर सिकेटर जंतुनाशकाने पुसा.

ब्रॅम्बलचं काय करायचं

मारायचं नाही, आवरायचं. त्याची वाढ समजून घेतली की अर्धं काम झालं. जमिनीतला गड्डा अनेक वर्षं जगतो, पण वरची काठी दोनच वर्षांची. पहिल्या वर्षी ती फक्त लांब वाढते, दुसऱ्या वर्षी फुलते-फळते आणि मरते. म्हणजे हिवाळ्यात तुम्हाला तिथे दोन प्रकारच्या काठ्या दिसतील, एक हिरवट-जांभळी जिवंत, दुसरी करडी, वाळकी, वाजणारी. पुढच्या वर्षी फळ हवं असेल तर जांभळ्या ठेवा. सगळं एकजात कापून टाकलं की पुढच्या वर्षी बेरी नाही.

पसरतं कसं ते तर मी डोळ्यांनी बघितलं. लांब काठी कमानीसारखी वाकते, ऑगस्ट-सप्टेंबरात तिचं टोक जमिनीला टेकतं, आणि टोकाशी आधी एक पांढरी जाडसर गाठ येते, मग त्यातून मिशांसारखी मुळं मातीत शिरतात. पुढच्या वसंतात तिथे नवीन झाड उभं. म्हणजे एक काठी एका वर्षात दोन-तीन मीटर उडी मारते. म्हणून शरद ऋतूत एकदा हेजच्या कडेने चालत जा आणि गवतात टेकलेली टोकं नुसती उचलून कापा किंवा परत हेजमध्ये खोचा. ऑक्टोबरातल्या एका दुपारचं काम आहे, आणि ते केलं तर पुढचं सगळं वर्ष ब्रॅम्बल आपल्या जागेत राहतं. जिथे नकोच आहे तिथे गड्डा कुदळीने उकरून काढा, वरून कितीही कापलं तरी गड्ड्यातून धुमारे येत राहतात.

हेजवर ब्रॅम्बल चढून हॉथॉर्नला झाकून टाकत असेल तर तिथलं ओढून काढा, नाहीतर आतलं झाड उन्हाविना मरतं. पण हेजच्या पायाशी, उन्हाच्या बाजूला, मीटरभर पट्टा ब्रॅम्बलला द्या, आणि त्याच्या पुढे अजून मीटरभर गवत न कापता ठेवा. कापण्याआधी काठीने बुडाशी हळूच चाचपून बघा, पाल्याचा गोळा दिसला तर हेजहॉग झोपलेला असेल, ती जागा सोडून पुढे जा.

फळं २९ सप्टेंबरनंतर तोडू नयेत, सैतान त्यावर थुंकतो, असं इथले जुने लोक सांगतात. तोवर ओल्या हवेने फळांना बुरशी धरायला लागते हे खरं आहे, तेव्हा मुरांबा-जॅम जो काय करायचा तो ऑगस्ट-सप्टेंबरातच करून घ्या.

हेज म्हातारी, विरळ झाली असेल तर

खाली नुसती खोडं नि वर पाला असं झालं असेल तर छाटून उपयोग नाही, ती आडवी करावी लागते. यालाच हेज लेइंग म्हणतात. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचं काम, पण मी जानेवारीच्या आधी करत नाही, फळं राहू देते. खोडं अडीच-तीन मीटर उंच आणि मनगटाएवढी जाड असली की उत्तम.

आधी आजूबाजूचं ब्रॅम्बल, वाळकं लाकूड, जुनी तार सगळं काढून खोडं मोकळी करायची. मग एकेका खोडाला जमिनीलगत वरून खाली तिरका घाव घालत जायचं, तीन चतुर्थांशाहून जास्त कापेपर्यंत, आणि मागे साल आणि थोडं लाकूड जिभेसारखं ठेवायचं. मग दुसऱ्या हाताने खोड सावकाश वाकवायचं. ते चरचर आवाज करतं, तंतू उलगडत जातात, आणि पहिल्या वेळी छातीत धस्स होतं की तुटलंच आता. तुटत नाही. मला शिकवणारे ते म्हातारे शेतकरी एवढंच म्हणायचे की झाडाला घाई करू नको. अख्खं तीन मीटरचं खोड त्या पातळ जिभेवर तिरकं आडवं होतं, आणि एप्रिलमध्ये त्याच आडव्या खोडाला पानं येतात. चढ असेल तर खोडं चढाच्या दिशेला पाडायची. बुडाशी उरलेला खुंट तिरका, गुळगुळीत कापायचा म्हणजे पाणी साचत नाही, कारण नवीन फुटवे तिथूनच येणार आहेत. आपल्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाची कवळं तोडतात आणि त्याला पुन्हा फुटवे येतात, तत्त्व तेच.

मिडलँड पद्धतीत मग दर ४५ सेंटीमीटरवर एक हेझलचा खुंट ठोकतात आणि वरून हेझलच्याच लांब लवचीक काठ्या दोरखंडासारख्या विणतात. पहिल्यांदा एकट्याने करू नका. नॅशनल हेजलेइंग सोसायटी १९७८ पासून हे काम जिवंत ठेवतेय, आणि अनेक भागांत हिवाळ्यात एक-दोन दिवसांची शिबिरं होतात, तिथे एक दिवस घालवलात तर महिनाभर वाचून कळणार नाही ते कळेल. एका दिवसात नवशिक्याचे चार-पाच मीटर झाले तरी भरपूर. एकदा नीट आडवी केली की पंधराएक वर्षं बघायला नको, मधे फक्त तीन वर्षांनी छाटणी.

फटी बुजवायला नवीन रोपं

नोव्हेंबर ते मार्च नर्सऱ्यांमध्ये मातीशिवाय, नुसत्या मुळांची ४०-६० सेंटीमीटरची रोपं मिळतात, कुंडीतल्यापेक्षा खूप स्वस्त. मीटरला पाच, दोन ओळींत, एकाआड एक. मुळं पिशवीतच ठेवा आणि एकेक काढून लावा, वाऱ्यात थोडा वेळ उघडी राहिली तरी मुळं वाळतात आणि रोप लागत नाही, माझी पहिली वीसेक रोपं अशीच गेली. पायाने घट्ट दाबा, निम्म्यापर्यंत छाटा म्हणजे बुडापासून फांद्या फुटतील, सशांपासून वाचवायला नळी लावा आणि दोन वर्षं बुडाचं गवत काढत राहा. बहुतेक रोपं गवतामुळेच मरतात. साठ-सत्तर टक्के हॉथॉर्न, बाकी हेझल, मेपल, डॉगरोझ, थोडं ब्लॅकथॉर्न.

मोठी जागा असेल आणि स्क्रब (काटेरी झुडपांचं रान) वाढलं असेल तर

पडीक गवतात ब्रॅम्बल पसरतं, पक्ष्यांच्या विष्ठेतून हॉथॉर्न उगवतं, जे पक्षी ओकची फळं पुरून ठेवतात त्यांच्या विसरलेल्या बियांमधून काट्यांच्या आडोशाला ओक उभा राहतो कारण हरणांना आत तोंड घालता येत नाही. तसंच सोडलं तर वीस-तीस वर्षांत तिथे जंगल. वेस्ट ससेक्समधल्या नेप इस्टेटीवर शेती थांबवून असं स्क्रब वाढू दिलं, तिथे आता नाइटिंगेल आणि टर्टल डव्ह ऐकायला लोक लांबून जातात. आपल्या छोट्या तुकड्यात मात्र जंगलही नको आणि सपाट गवतही नको असेल तर दरवर्षी एक छोटा कोपरा, साधारण दहावा हिस्सा, जमिनीलगत कापा आणि कड सरळ न ठेवता आत-बाहेर वळणदार ठेवा, त्या दक्षिणेकडच्या खोलगट जागांत ऊन साठतं आणि फुलपाखरं तिथेच बसतात. कापलेल्या फांद्यांचा ढीग एका कोपऱ्यात राहू द्या, जाळायचाच असेल तर रचला त्याच दिवशी जाळा, नाहीतर आत कोणीतरी राहायला येतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळी हत्यारं धुते, पात्यांना तेल लावते, वहीत यंदा कुठला तुकडा कापला ते लिहिते आणि शेडला कडी घालते. १ मार्चपासून हेजजवळ जायचं ते फक्त बघायला.